स्टार्ट न दाबताच खडखडणारा कॉन्टॅक्टर

प्रश्न : मी यंत्रांच्या देखभालीत फिटर आहे. बेअरिंग, कपलिंग, पट्टे यांवर हात बसला आहे, म्हणून आता विजेचं कामही शिकायला घेतलं. सरावासाठी फळीवर डीओएल स्टार्टर (मोटर थेट सप्लायवर सुरू करणारा) जोडला. सप्लाय देताच, स्टार्टला बोटही लावलं नव्हतं तरी, कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा, मोटरला सप्लाय देणारा स्विच) खडखडायला लागला. घाबरून बंद केला. कॉन्टॅक्टर खराब आहे का? दुसरं म्हणजे, मला जोडणी पाठ होते, पण एक वायर सुटली की सगळंच विसरायला होतं. सर्किट वाचायला कुठून सुरुवात करू?

उत्तर : कॉन्टॅक्टर ठणठणीत असणार. होल्डिंगची (स्टार्ट सोडल्यावरही कॉइलचा सप्लाय टिकवणारी) वायर १३-१४ ऐवजी २१-२२ वर गेली आहे का, ते आधी सप्लाय तोडून बघा आणि मगच पुढचं वाचा.

सापडली? आता झालं काय ते पाहू. कॉन्टॅक्टरच्या बाजूच्या संपर्कांवरचा दुसरा आकडा काम सांगतो. शेवटी १-२ असेल तर एनसी, म्हणजे एरवी जोडलेला. ३-४ असेल तर एनओ, एरवी तुटलेला. तुम्ही स्टार्टला समांतर एनसी लावलात, त्यामुळे स्टार्ट न दाबताच कॉइलला वाट मिळाली. कॉइलने ओढलं, ओढताक्षणी २१-२२ सुटला, कॉइल मेली, आर्मेचर (कॉइल ओढते तो हलणारा भाग) मागे आलं, २१-२२ पुन्हा जुळला. जुनी विजेची घंटा याच युक्तीवर वाजते. म्हणजे स्टार्टर करायला गेलात आणि घंटा झाली.

हसू नका, माझी चूक याहून वाईट होती. शिकाऊ असताना मी होल्डिंग बरोबर १३-१४ वरच घेतलं, पण १३ ची वायर स्टॉप आणि स्टार्टच्या मधून न घेता स्टॉपच्या आधीच जोडली. मोटर झकास सुरू झाली. स्टॉप दाबला, मोटर चालूच. पुन्हा दाबला, अंगठा दुखेपर्यंत दाबला. शेवटी उस्तादांनी मागून येऊन आयसोलेटर (मुख्य स्विच) पाडला आणि एक शब्दही न बोलता हातात कागद-पेन्सिल दिली.

तिथून मी जे शिकलो तेच तुम्हाला सांगतो. वायरी पाठ करू नका. कागदावर कॉइल काढा आणि दोनच प्रश्न विचारा : हिला सप्लाय कोण देतं, आणि तो कोण तोडू शकतं? फेजवर बोट ठेवून निघा. कंट्रोल फ्यूज, मग ओव्हरलोड रिलेचा (मोटर जास्त प्रवाह घेऊ लागली की पडणारा) एनसी संपर्क ९५-९६, मग स्टॉप, मग स्टार्ट, मग कॉइलचं एक टोक ए१. दुसऱ्या टोकातून, ए२ मधून, न्यूट्रल. स्टार्टवरून बोट उचललं की वाट तुटायला हवी, पण तोवर १३-१४ जुळलेला असतो आणि प्रवाह त्या आडवाटेने जातो. स्टॉप या आडवाटेच्याही आधी हवा. माझा नव्हता, म्हणून अंगठा दुखला. पॉवरच्या तीन जाड वायरी यात कुठेच नाहीत. त्या वेगळ्या कागदावर काढा. दोन्ही एकाच चित्रात कोंबले की नवखा माणूस हरवतोच.

स्टॉप एनसी का, हेही याच कागदावर दिसतं. स्टॉपची वायर कुठे तुटली तर मोटर थांबते. एनओ स्टॉप लावायची सोय केली असती, तर वायर तुटल्याचं नेमकं थांबवायची गरज पडली तेव्हाच कळलं असतं. सप्लाय जाऊन परत आला तरी मोटर आपोआप फिरत नाही, हीसुद्धा होल्डिंगची देणगी. साध्या स्विचवर चालणाऱ्या करवतीत अडकलेला तुकडा काढताना सप्लाय परत आला तर काय होईल, ते सांगायला नको.

आता मोटर न जोडता एक सराव करा. टेस्टर आधी जिवंत जागी, मग आपल्या सर्किटवर, मग पुन्हा जिवंत जागी लावून सप्लाय खरोखर बंद असल्याची खात्री करा. कंट्रोल फ्यूज काढा. फ्यूजच्या पुढच्या टोकापासून ए२ पर्यंत मीटर ओहमवर लावा. काहीच दाबलेलं नसताना वाट तुटलेली दिसली पाहिजे. स्टार्ट दाबला की कॉइलचा रोध दिसेल. स्टार्ट सोडून कॉन्टॅक्टरचं आर्मेचर हाताने आत दाबा, रोध तसाच दिसेल. ते दाबून ठेवूनच स्टॉप दाबा, वाट तुटली पाहिजे. तुमची चूक पहिल्याच पायरीला पकडली गेली असती, माझी शेवटच्या.

हे जमलं की दोन ठिकाणांहून चालणारी मोटर काढा (स्टॉप सगळे एकापुढे एक, स्टार्ट सगळे समांतर), मग फॉरवर्ड-रिव्हर्स. त्यात दोन फेज अदलाबदल होतात. दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम ओढले गेले तर सरळ शॉर्ट, म्हणून प्रत्येकाच्या कॉइलच्या वाटेत दुसऱ्याचा २१-२२ घालतात. ज्याने तुम्हाला घाबरवलं त्याची खरी नोकरी ही. स्टार-डेल्टा (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा स्टार्टर) त्यानंतर. पीएलसीची (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कंट्रोलरची) घाई नको.

प्रश्न : ओव्हरलोड रिले वारंवार पडतो. सेटिंग थोडं वाढवून चालेल का?

उत्तर : नाही. सेटिंग मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर ठेवा आणि क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज मोजा. एक शून्य आणि दोन फुगलेले दिसले तर एक फेज गेला आहे. तिन्ही सारखेच जास्त असतील, तर तुमच्या बेअरिंग-पट्ट्यांच्या ज्ञानाचा उपयोग करा, बहुधा भार अडतो आहे. तिन्ही बरोबर असूनही पडत असेल, तर रिलेच्या टोकांवरचे ढिले स्क्रू पाहा. तिथे तापलेलं टोक रिलेच्या, तापली की रिले पाडणाऱ्या, पट्टीलाही तापवतं. एक अपवाद आहे : स्टार-डेल्टात रिले डेल्टाच्या आत असेल, तर सेटिंग पाटीच्या आकड्याच्या ०.५८ पट ठेवायचं. पाटीवर २० अँपिअर असेल तर ११.६. कुणी तिथे २० लावून ठेवलं असेल, तर रिले पडत नाही, मोटर जळते.