अशोकाचा पश्चात्ताप खरा होता का?

प्रश्न : कलिंगच्या युद्धानंतर सम्राट अशोक खरंच बदलला, की ते नुसतं राजकारण होतं? – एक वाचक

उत्तर : तो बदलला, असं मला मनापासून वाटतं. अशोकाने तेच लेख जागोजागच्या खडकांवर कोरून घेतले; त्यातल्या तेराव्या शिलालेखात तो स्वतःच सांगतो : १,५०,००० माणसं धरून नेली, १,००,००० मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. जिंकलेल्या राजाने विजयाचा असा हिशेब दगडावर कोरावा, हे विरळाच.

पण तुमची शंकाही वावगी नाही. हा लेख गुजरातेत गिरनारला आहे, आजच्या पाकिस्तानात शाहबाजगढीला आहे. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला मात्र तो कोरलेलाच नाही. तिथे ‘सगळी माणसं माझी लेकरं’ असं सांगणारे वेगळे लेख आहेत. शिवाय तेराव्या लेखातच तो जंगलातल्या जमातींना बजावतो, की पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या हातात सत्ता आहे.

मला सर्वांत पटतो तो पहिला लेख. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो जीव मारले जात, आता फक्त तीन : दोन मोर, एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही, आणि पुढे हे तिन्ही मारले जाणार नाहीत. सगळं थांबवलं, अशी बढाई तो मारत नाही. नुसती प्रतिमा जपायची असती, तर त्या मोरांचा उल्लेख कशाला केला असता?

आणि हो, आपल्या सोपाऱ्यालाही १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा सापडला. राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा, म्हणजे धर्मासाठीचे दौरे, सुरू केल्या, असं सांगणारा तो लेख.