पडद्यावरचे चाचेजहाज दुसऱ्याच्या हातून बांधले जावे म्हणून

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. स्टुडिओ या, लेगोच्या रचना संगणकावर जुळवण्याच्या प्रणालीत तुम्ही सुमारे चौदाशे तुकड्यांचे, दोन डोलकाठ्यांचे चाच्यांचे जहाज रचले आहे. चित्रे पाहून सर्वांनी कौतुक केले, पण ज्या दोघांनी फाइल घेऊन ते खऱ्या लेगो ठोकळ्यांत बांधायला घेतले, त्यांनी काम अर्ध्यात सोडले. रचनेत काय बदलावे, ती इतरांना कोणत्या स्वरूपात द्यावी आणि ‘आंग्र्यांचे चाचेजहाज’ हे नाव योग्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी फाइल उघडून तिचा प्रत्येक थर पाहिला आणि सांगाड्याचा काही भाग माझ्याजवळच्या ठोकळ्यांत बांधूनही पाहिला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमचे जहाज सुंदर आहे, आणि विशेषतः मागच्या बाजूच्या खिडक्यांची महिरप मला फार आवडली. अडचण तळाची आहे. संगणकात गुरुत्वाकर्षण नसते. तिथे एखादा तुकडा फक्त एका स्टडवर, म्हणजे ठोकळ्याच्या माथ्यावरच्या एका गोल उंचवट्यावर, टेकलेला असला तरी तो जागचा हलत नाही, आणि त्यामुळे आपण सगळे लक्ष दिसण्यावर देतो. तुमच्या जहाजाचा तळ तीन भागांत आहे आणि ते भाग जिथे जुळतात तिथे खालच्या व वरच्या दोन्ही थरांतील प्लेटचे (पातळ, सपाट तुकड्यांचे) सांधे एकाच रेषेत आले आहेत. माझे पहिले मोठे जहाज अगदी याच कारणाने मोडले होते. मी ते दोन्ही हातांनी टेबलावरून उचलले आणि ते मधोमध दुभंगून पुढचा भाग जमिनीवर पडला. तीन आठवड्यांचे काम वेचायला मला पूर्ण संध्याकाळ लागली आणि एक मागचे दार आजतागायत सापडलेले नाही. गवंडी भिंत बांधताना सांधमोड करतो, म्हणजे खालच्या थराचा सांधा वरच्या विटेच्या मध्यावर घेतो, तेच इथे करायचे आहे. तळाला लांब प्लेटचे निदान तीन थर द्यावेत, प्रत्येक थराचा सांधा खालच्या सांध्यापासून किमान चार स्टड सरकवावा आणि मधोमध, नाळेपासून (जहाजाच्या पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत, छिद्रे असलेल्या टेक्निक ब्रिकची (जाड ठोकळ्यांची) एक ओळ खेळवावी. कोकणातले सुतार होडी बांधताना आधी पठाण टाकतात, म्हणजे तळाचा कणा, आणि मग त्यावर बाकीचे उभारतात. ठोकळ्यांच्या जहाजालाही हाच क्रम लागू पडतो.

आता बाजूंविषयी. फळ्यांसारखे दिसावे म्हणून तुम्ही बाजूच्या भिंती आडव्या पाडून बसवल्या आहेत, म्हणजे स्टड वर न राहता बाहेरच्या दिशेला आहेत. कल्पना उत्तम आहे, मात्र तिच्यामागचे गणित तुमच्याकडून एका जागी चुकले आहे. लेगोच्या दोन स्टडमधले अंतर ८ मिलिमीटर असते, ब्रिकची उंची ९.६ आणि प्लेटची ३.२ मिलिमीटर. त्यामुळे पाच प्लेटची उंची बरोबर दोन स्टडच्या रुंदीइतकी, म्हणजे १६ मिलिमीटर भरते. आडवी भिंत उभ्या सांगाड्यात चपखल बसवायची असेल तर या प्रमाणाला पर्याय नाही. तुमच्या भिंतीची रुंदी चार स्टड आहे, म्हणजे ३२ मिलिमीटर, म्हणजे दहा प्लेट, म्हणजे तीन ब्रिक आणि एक प्लेट. तुम्ही तिच्या मागे केवळ तीन ब्रिक उभे केले आहेत. राहिलेली ३.२ मिलिमीटरची फट वरच्या कठड्याने झाकली जात असल्यामुळे चित्रात दिसत नाही, परंतु प्रत्यक्षात तो कठडा अधांतरी राहतो आणि बोट लागताच निघून येतो. त्या दोघांनी काम बहुधा इथेच सोडले असावे, कारण मी बांधून पाहिले तेव्हा माझाही कठडा याच जागी निघाला. प्रत्येक बाजूला एकेक प्लेट वाढवली की हा प्रश्न मिटेल.

डोलकाठीसाठी तुम्ही १×१ गोल ब्रिक एकावर एक रचले आहेत. शिडांचा भार नसतानाही असा खांब फार काळ सरळ राहत नाही. त्याऐवजी २×२ गोल ब्रिक घ्यावेत आणि त्यांच्या मधल्या छिद्रातून टेक्निकचे दांडे ओवून घ्यावेत. दोन दांडे जिथे भेटतील तो सांधा ब्रिकच्या पोटात यावा, दोन ब्रिकच्या सीमेवर येऊ नये. डोलकाठीचा पायही डेकवर न टेकवता थेट तळापर्यंत न्यावा.

डेकखालच्या खोलीची उंची तुम्ही चार ब्रिक ठेवली आहे. लेगोची माणसे सुमारे ४० मिलिमीटर उंच असतात आणि चार ब्रिक म्हणजे ३८.४, म्हणजे तुमचा तांडेल स्वतःच्याच खोलीत उभा राहू शकत नाही, टोपी तर दूरच. पाच ब्रिक करावेत. मात्र अशी उंची वाढवताना जहाजाची लांबीही त्याच प्रमाणात वाढवण्याचा मोह टाळावा. माणसांच्या मापाने हिशेब केला तर प्रमाण साधारण १:४२ येते आणि तीस मीटरचे खरे जहाज सत्तर सेंटिमीटरहून लांब होते. १९८९ मध्ये लेगोने चाच्यांची मालिका आणली तेव्हापासून त्यांची जहाजेही लांबीला आखूड आणि उंचीला ठसठशीत आहेत. त्या मालिकेतले ‘ब्लॅक सीज बॅराकुडा’ हे ६२८५ क्रमांकाचे जहाज नीट पाहिले तर लक्षात येते की, रचनाकाराने लांबी सोडली, पण तोफा, सुकाणू, नांगर आणि कप्तानाची खोली यांतले काहीही सोडले नाही. बांधणाऱ्याच्या हाताला ज्यात खेळता येते ते आधी, असा तो निवाडा आहे आणि मला तो अजूनही योग्य वाटतो.

रंगांकडे वळतो. तुमच्या फाइलमध्ये एकतीस तुकडे असे आहेत की जे त्या रंगात कधी तयारच झालेले नाहीत. स्टुडिओमध्ये एखादा तुकडा कोणत्या रंगांत मिळतो हे रंगांच्या तक्त्यात दिसते, म्हणून प्रत्येक तुकडा निवडतानाच ते पाहण्याची सवय लावून घ्यावी. शेवटी बदलायला गेले की एका तुकड्यापायी सगळी भिंत उसवावी लागते. तांबूस तपकिरी रंगाबाबत आणखी एक सूचना आहे. हा रंग लेगोने २००४ च्या सुमारास जुन्या तपकिरीच्या जागी आणला आणि त्यातल्या जुन्या तुकड्यांची तडकण्याविषयी ख्याती आहे. ज्या चिमट्यांवर ताण येतो, उदाहरणार्थ परबाण, म्हणजे शीड बांधायची आडवी काठी, धरणारे चिमटे, ते काळे घ्यावेत. लाकडावर लोखंडी कडी बसवल्यासारखे दिसते आणि चिमटाही टिकतो.

शिडे तुम्ही पांढऱ्या प्लेटची केली आहेत. ती कापडाची करावीत, आणि फाइलसोबत त्यांचा नमुना खऱ्या मापात द्यावा. इथे एक बारीक अडचण येते. छापताना बहुतेक यंत्रे पान कागदात बसवण्यासाठी थोडे लहान करतात आणि मग शीड परबाणाला पुरत नाही. यासाठी मी नमुन्याच्या कोपऱ्यात ८० मिलिमीटरची एक रेघ आखतो आणि खाली लिहितो की या रेघेवर दहा स्टड लांबीची प्लेट ठेवून पाहा, दोन्ही टोके जुळली तरच कापड कापा. कापड जुन्या सुती धोतराचे किंवा मांजरपाटाचे घ्यावे. ते चहाच्या पाण्यात बुडवले की खाऱ्या वाऱ्यात राहिल्यासारखा रंग येतो. त्याला खळ देऊन ओलसर असतानाच इस्त्री करावी आणि कडांना पाणी घातलेला फेव्हिकॉल बोटाने फिरवून वाळल्यावर कात्री लावावी. आधी कापून मग फेव्हिकॉल लावला तर धागे निघतात.

बांधणीची कृती हा तुमच्या प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असे मला वाटते. तुम्ही केवळ फाइल दिली आहे, म्हणजे समोरच्याला घर दाखवले पण जिना दिला नाही. स्टुडिओमध्येच कृतीची पाने तयार करण्याची सोय आहे. जहाजाचे उपभाग करावेत: तळ, दोन्ही बाजू, नाळ, मागची खोली, प्रत्येक डोलकाठी. प्रत्येक उपभाग स्वतंत्रपणे हातात धरून बांधता आला पाहिजे आणि एका टप्प्यात सहा-आठ तुकड्यांहून अधिक नसावेत. काळ्या तळावर काळी प्लेट बसवण्याचा टप्पा कागदावर कोणालाच दिसत नाही, म्हणून जे आत झाकले जाणार आहे ते मुद्दाम लाल, पिवळे, निळे असे वेगवेगळ्या रंगांत ठेवावे. त्यामुळे बांधणाऱ्याला दिशा कळते आणि घरात पडून असलेले तुकडेही कामी येतात. कृती तयार झाली की ती स्वतः वापरून प्रत्यक्ष बांधावी, आणि त्यानंतर अशा एखाद्याच्या हाती द्यावी ज्याने जहाज पूर्वी पाहिलेले नाही. माझी भाची बारा वर्षांची असताना माझी पाने घेऊन बसत असे आणि ज्या टप्प्यावर ती पान मागे उलटे, त्या टप्प्यावर मी पेन्सिलीने खूण करत असे. प्रत्येक खुणेपाशी काही ना काही चूक निघालीच.

तुकड्यांची यादीही सोबत द्यावी. स्टुडिओतून ती ब्रिकलिंकला, म्हणजे सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजाराला, मागणीयादी म्हणून पाठवता येते. परंतु भारतात राहणाऱ्याने परदेशी विक्रेत्यांकडून सुटे तुकडे मागवायचे म्हटले की टपालखर्च, सीमाशुल्क आणि प्रतीक्षा यांत उत्साह मावळतो, शिवाय चौदाशे तुकडे एका विक्रेत्याकडे जवळजवळ कधीच मिळत नाहीत. त्यामुळे तुमच्या मोठ्या जहाजाच्या जोडीला एक लहान रचना एकाच संचातून करून द्यावी, असा माझा आग्रह आहे. ३११०९ क्रमांकाचा क्रिएटर मालिकेतला संच २०२० मध्ये आला. त्यात १,२६० तुकडे आहेत आणि जहाज, सराई व कवटीचे बेट अशा तीन अधिकृत रचना त्यातून होतात. ज्याच्याकडे तो संच आहे त्याला एकही तुकडा विकत न घेता तुमची चौथी रचना बांधता येईल. चाहत्यांच्या रचना जिथे मिळतात त्या रिब्रिकेबल या संकेतस्थळावर अशा पर्यायी रचनांसाठी वेगळी सोय आहे. तिथे आपल्याकडचे संच नोंदवले की कोणती रचना किती टक्के बांधता येईल हेही कळते. चित्रांना मिळणाऱ्या शंभर पसंतींपेक्षा कोणीतरी आपल्या टेबलावर बांधून पाठवलेले एक छायाचित्र मला अधिक मोलाचे वाटते, आणि ते छायाचित्र येण्याची शक्यता अशाच रचनेला जास्त असते.

लेगो आयडियाजकडे, म्हणजे चाहत्यांच्या रचनांतून संच निवडणाऱ्या लेगोच्या उपक्रमाकडे, रचना पाठवण्याचा विचार तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिला आहे. तिथे दहा हजार पाठिंबे मिळाल्यावर कंपनी रचनेचा विचार करते आणि निवड झाल्यास निव्वळ विक्रीच्या एक टक्का मानधन देते. २०२० चा २,५४५ तुकड्यांचा ‘पायरेट्स ऑफ बॅराकुडा बे’ हा संच अशाच एका चाहत्याच्या रचनेतून आला. त्यात फुटलेल्या जहाजाचे बेट बनते आणि तेच भाग वेगळे करून पुन्हा जहाज जुळवता येते. पाठवायचे असल्यास अशी एखादी कल्पना हवी. केवळ देखणे जहाज तिथे गर्दीत हरवते.

राहिला नावाचा प्रश्न, आणि त्याबाबत माझे मत ठाम आहे. ‘आंग्र्यांचे चाचेजहाज’ हे नाव कृपया ठेवू नये. कान्होजी आंग्रे मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, होते. त्यांच्या मुलखातल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे अशी त्यांची मागणी होती, आणि पोर्तुगीज त्याआधी कितीतरी वर्षे कार्ताझ नावाचे परवाने विकून हेच करत होते. इंग्रजांनी एकाला चाचा म्हटले आणि दुसऱ्याला म्हटले नाही. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. तेव्हाचा त्यांचा राग आपण आपल्या खेळण्याच्या नावात का जपावा? अरबी समुद्रातले खरे चाचे हवे असतील तर हेन्री एव्हरी आहे. त्याने १६९५ मध्ये ‘फॅन्सी’ या जहाजावरून सुरतेकडे परतणारे मुघलांचे ‘गंज-ए-सवाई’ लुटले. तुमचे सध्याचे जहाज युरोपीय घाटाचेच आहे, त्यामुळे त्याला ‘फॅन्सी’ म्हणणे अधिक शोभेल.

आंग्र्यांचे जहाज करायचेच असेल तर ते गुराब, म्हणजे त्यांच्या आरमारातले मोठे लढाऊ जहाज, म्हणून करावे, आणि मी तर म्हणेन की अवश्य करावे, कारण तिचा आकार ठोकळ्यांत क्वचितच कोणी उतरवला असेल. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत गुराबेला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या सांगितल्या आहेत. लांबीच्या मानाने मधला भाग बराच रुंद, टोकाकडे निमुळता होत जाणारा, आणि पाण्यात खोली कमी. पुढे गोलसर नाळ नसते. त्याऐवजी लांब, सपाट आणि बिनकठड्याचे टोक बाहेर येते, म्हणजे लाट वर चढली तरी पाणी अडकत नाही. त्या टोकाच्या मागे आडवी भिंत असते आणि तिच्यातल्या भोकांतून दोन तोफा सरळ पुढे रोखलेल्या असतात. लेगोचे तयार मोठे पुढचे भाग इथे उपयोगी नाहीत, ते फार उंच आणि गोल आहेत. मध्ये सोळा स्टड रुंदी घेऊन बिजागरीच्या प्लेटनी दोन्ही बाजू आत वळवत टोकाला सहा स्टडवर आणाव्यात, टोकावर गुळगुळीत टाइल घालाव्यात आणि सोबतीला चाळीस वल्ह्यांचे गलबत करावे. वल्ह्यांसाठी चिमट्यांची ओळ बाजूच्या भिंतीतच बसते. तिचे गणित वर दिलेल्या दहा प्लेटच्या हिशेबातून सुटेल.

आधी तळ आणि कठडा दुरुस्त करून फाइल व पहिल्या चाळीस टप्प्यांची पाने इथे टाकावीत. माझ्याकडे काळ्या आणि फिक्या पिवळट प्लेट पुरेशा आहेत. तुमचा तळ मी बांधीन, एका टोकाला धरून उचलीन आणि जिथे वाकेल त्या जागेचे छायाचित्र इथेच देईन.