वारीतल्या पांढऱ्या टोप्या मळकट का येतात?

प्रश्न : काका, दिवे घाटात पालखीचे फोटो काढले. आभाळ भरून आलं होतं, ऊन अजिबात नव्हतं. डोळ्यांना धोतरं-टोप्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या, फोटोत मात्र सगळं राखाडी आणि चेहरे काळपट. कॅमेरा नवा आहे, ऑटोवर होता. बिघाड असेल का? (एक वाचक, हडपसर)

कॅमेरा दुरुस्तीला टाकू नका, तो अगदी ठणठणीत आहे. त्याच्या मीटरला टोपी, माणूस, आभाळ यांतलं काहीच ओळखू येत नाही, समोरून उजेड किती येतोय तेवढंच कळतं. (नव्या कॅमेऱ्यांना चेहरा सापडतो, पण गर्दीत तेही गोंधळतात.) समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत पाठवणारं आहे, असं धरून मीटर हिशोब मांडतो. शेत, रस्ता, बाजार अशा ठिकाणी तो हिशोब जमतो. घाटात तुमच्या फ्रेमच्या वरच्या अर्ध्यात पांढरे ढग आणि खाली टोप्याच टोप्या. मीटरला वाटतं, उजेड फार झाला. तो पांढऱ्याला ओढून करड्यावर आणतो, आणि त्या ओढाताणीत उन्हातान्हात रापलेला वारकऱ्याचा चेहरा पार अंधारात जातो.

कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. ते अधिक १ वर न्या. अधिक १ म्हणजे एक स्टॉप, तो वाढवला की उजेड दुप्पट होतो. मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवा, बहुतेक फोनमध्ये बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते किंचित वर सरकवा. आभाळ कोऱ्या कागदासारखं होईल, होऊ द्या. वारीचा फोटो माणसांचा असतो. फक्त पुढच्या वारकऱ्याच्या टोपीची घडी मोठी करून बघा. घडी दिसेनाशी झाली तर जास्त झालं, थोडं खाली या. डिजिटलमध्ये एकदा जळलेला पांढरा रंग परत आणता येत नाही. काळ्या पाषाणाच्या मूर्तीला याच्या उलट करायचं, उणे १, नाहीतर सावळा विठोबा करडा होतो.

हे मी फार महागात शिकलो. सासवडला माझा स्टुडिओ नवा होता, रोलचे दिवस. एका लग्नात मंडपात चांगला दिवसाउजेड होता, म्हणून फ्लॅश न वापरता अंतरपाटाचे चार फोटो मीटर सांगेल तसे घेतले. अर्ध्या फ्रेमभर पांढरं कापड. रोल धुऊन आल्यावर बघतो तर अंतरपाट मळकट, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक तपकिरी, आणि मुंडावळ्यांखालचा नवरीचा चेहरा ओळखू येईना. अंतरपाट काही पुन्हा धरता येत नाही. तिच्या आईने ते चारही फोटो न बोलता बाजूला ठेवले, तो हात मला अजून दिसतो. त्यानंतर मी आधी त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरून मीटर बघायचो. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उघडायचं. आजही मॅन्युअलवर ही युक्ती चालते, करून बघा.

प्रश्न : एफचा आकडा मोठा, तर लेन्सचं भोक लहान. हे उलटं का? (एक वाचक, बार्शी)

कारण तो भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सवर मिमीत लिहिलेल्या आकड्याला, एफच्या आकड्याने भागा, भोकाचा व्यास मिळतो. ५० मिमीची लेन्स एफ २ ला २५ मिमी उघडते, एफ १६ ला जेमतेम ३ मिमी. पावकी-निमकी पाठ केलेल्यांना हे चटकन कळतं : चार हा आकडा दोनपेक्षा मोठा, पण पाव भाकरी अर्धीपेक्षा लहानच. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही माळ तोंडपाठ करा. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो, आणि फोटोत जास्त खोलवरचं स्पष्ट दिसू लागतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आजीचा दारात बसलेला फोटो मधोमध काढला, तर मित्र म्हणाले, एक-तृतीयांशाचा नियम मोडलास. चुकलं का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

तू फोटो पाठवलास ते बरं केलंस. तो नियम सांगतो, फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन सारखे भाग पाडा आणि माणूस मधोमध न ठेवता त्या रेषांवर ठेवा. आजी थेट तुझ्याकडे बघतेय आणि चौकटीचे दोन्ही खांब सारखे आहेत. इथे मधोमधच शोभतं. ती अंगणाकडे बघत असती, तर मी तिला एका बाजूच्या रेषेवर बसवून नजरेसमोर मोकळी जागा ठेवायला सांगितलं असतं. स्क्रीनवरच्या जाळीच्या रेषा त्यासाठीच असतात.

मला खटकलं ते वेगळंच. आजीच्या डोक्यामागे खुंटीला छत्री टांगलेली आहे आणि तिची मूठ थेट अंबाड्यातून उगवल्यासारखी दिसते. काढताना तुझं सगळं लक्ष चेहऱ्यावर होतं, म्हणून ती दिसली नाही. बटण दाबण्याआधी चारही कोपरे आणि डोक्यामागची जागा नजरेखालून घाल. एक पाऊल डावीकडे सरकली असतीस तर छत्री खांबाआड गेली असती. आणि तू उभी राहून काढलायस. आजी उंबऱ्यावर बसली आहे, तर तूही समोर जमिनीवर बस. तिला मात्र तिच्या जागेवरून हलवू नकोस.

प्रश्न : मोठी प्रिंट काढायला ५० मेगापिक्सेलचा फोन लागेल का? (एक वाचक, पणजी)

नाही. ८ बाय १२ इंचाच्या प्रिंटला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, ९ मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके) पुरतात. पैसे वाचवा आणि लेन्सची काच मऊ सुती कापडाने पुसत जा. निम्मे धूसर फोटो बोटांच्या तेलकट डागांमुळे येतात, असा माझा अनुभव आहे.