वेताळाचं लग्न टिकलं, स्पायडरमॅनचं पुसलं

तुम्ही विचारलंय की २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून सगळं पाहत आलोय, आता मात्र मध्यंतरानंतर पेंग येते. सुपरहिरोंचा कंटाळा आलाय की आपलंच वय झालंय? वय झालंय, त्यात वाद नाही. पण पेंग त्याची नाही.

आमच्या इंदूरच्या रामबागेत लहानपणी कीर्तनं व्हायची. सीताहरण होणार, शेवटी रावण मरणार, हे पुढे बसलेल्या आज्यांना बुवांइतकंच पाठ. तरी पदर डोळ्यांना लागायचाच. त्यामुळे 'तेच तेच' पाहून माणूस कंटाळतो, हे मला पटत नाही. मात्र बुवांनी दुसऱ्या दिवशी येऊन 'काल रावण मेला ते विसरा' असं कधी सांगितलं नाही.

आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, घ्या. 'आयर्न मॅन ३'मध्ये तो हॉटेलात बसलेला असतो आणि एक लहान मुलगी तिच्या चित्रावर सही मागते. सही करता करता त्याच्या हातातला खडू मोडतो, श्वास कोंडतो, आणि तो धावत जाऊन चिलखतात शिरतो. छातीत काही झालंय का, विष आहे का, असं यंत्रालाच विचारतो. न्यूयॉर्कची लढाई आदल्या वर्षीच्या चित्रपटात झाली होती. तिची भीती इथे पोचली, आणि २०१६ च्या चित्रपटात 'आपल्यावर कुणाचा तरी अंकुश हवा' असं तोच म्हणू लागला. 'एंडगेम' ही मार्व्हलच्या या साखळीतली बाविसावी फिल्म. ती पाहून आम्ही सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गेलो, तर एरवी भुट्ट्याच्या किसावर तुटून पडणारा माझा भाचा प्लेट हातात धरून नुसता उभा. अकरा वर्षांचा हिशोब होता तो.

आता थॉर. 'एंडगेम'मध्ये पराभवाने खचलेला, पोट सुटलेला थॉर मला फार आवडला होता. राज्य आपल्या साथीदार वाल्किरीच्या हवाली करून स्वतःला शोधायला निघाला. २०२२ च्या चित्रपटात सुरुवातीलाच व्यायामाची चार दृश्यं, आणि गडी पुन्हा पिळदार. दुःख जिममध्ये जिरवलं म्हणायचं!

हा रोग जुना आहे. आम्ही भाड्याने आणून इंद्रजाल कॉमिक्स वाचायचो. त्यातल्या वेताळाचं (इंग्रजीतला फँटम) डायनाशी १९७७ मध्ये लग्न झालं, १९७९ मध्ये जुळी मुलं झाली, आणि तो संसार टिकला. तिथे मुळात वेताळच एकविसावा. बाप गेला की मुलगा शपथ घेतो. म्हणजे म्हातारपण आणि मरण कथेतच बसवलेलं. उलट स्पायडरमॅनचं १९८७ मध्ये लागलेलं लग्न २००७ मध्ये सैतानाशी सौदा दाखवून पुसून टाकलं. वीस वर्षं ज्यांनी तो संसार वाचला, त्यांच्या तोंडाला पानं पुसली. कारण उघड आहे: नायक मोठा झाला की एक दिवस संपतो, आणि संपलेला नायक विकता येत नाही.

दुसरी गोष्ट गृहपाठाची. २०२१ या एकाच वर्षात मार्व्हलचे चार चित्रपट आणि पाच मालिका आल्या. २०२३ चा 'द मार्व्हल्स' नीट समजायला आधीचा एक चित्रपट आणि दोन मालिका पाहिलेल्या असाव्या लागत. नोकरी करणाऱ्या माणसाने हे कधी करायचं? जगभरातून कमाई साधारण २० कोटी ६० लाख डॉलर, या चित्रपट-साखळीतली सर्वांत कमी. पण त्याच वर्षी मार्व्हलच्याच 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'च्या तिसऱ्या भागाने ८४ कोटींच्या वर कमावले. प्रेक्षक तोच, महिने तेवढे वेगळे.

तुमची पेंग सुपरहिरोंची की पुसापुशीची, हे पाहायचं असेल तर तो तिसरा भागच लावा. 'मी रकून नाही' म्हणत येईल त्याच्याशी भांडणारा, रकून या प्राण्यासारखा दिसणारा रॉकेट, त्यात लहानपणीच्या पिंजऱ्यांपाशी परत पोचतो. तिथल्या पिल्लांच्या पाटीवर त्याच्या जातीचं नाव लिहिलेलं असतं. तो ते वाचतो, आणि थोड्या वेळाने शत्रूसमोर उभा राहून स्वतःचं पूर्ण नाव सांगतो: रॉकेट रकून. तिथे डोळा लागला, तर मात्र वयाचंच समजा.