४० वर्षांवरची एमजीबी घेताना एमओटीचा इतिहास कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून इंग्लंडमध्ये रेडिंगला आलात, १९७३ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार मनात भरली आहे, आणि विकणारा म्हणतो, "हिला एमओटी लागतच नाही, त्यामुळे तपासायला काही नाही." (एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची ब्रिटनमधली वार्षिक तपासणी.) मग बघायचं काय?

त्याचं अर्धं बोलणं खरं आहे. २० मे २०१८ पासून इथे ४० वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक एमओटीतून सूट आहे, मात्र गेल्या ३० वर्षांत गाडीच्या मूळ रचनेत मोठा बदल झालेला नसावा. त्याआधी ही सूट फक्त १९६० पूर्वीच्या गाड्यांना होती. पण गाडी या सवलतीत बसते हे मालक स्वतःच लिहून देतो, बघायला कोणी येत नाही. त्यामुळे सूट हा गाडीच्या तब्येतीचा दाखला होत नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणली तर सूट असली तरी २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर दंडाचे ३ पॉइंट, हे मालकाला आठवण म्हणून सांगायला हरकत नाही.

आणि सूट मिळाली म्हणून जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका, २००५ पासूनच्या एमओटी फुकट दिसतात: तारीख, पास की नापास, त्या दिवशीचं मीटर, नापास झाली तर कशामुळे, आणि ॲडव्हायझरी, म्हणजे 'आज पास करतो, पण याकडे लक्ष असू द्या' असे शेरे. तपासणी कुठल्या गॅरेजात झाली तेही कळतं, पण त्यासाठी व्ही५सी, म्हणजे लॉगबुकवरचा (आपल्या आरसी बुकासारखा कागद) ११ आकडी नंबर लागतो. लॉगबुक दाखवायलाच जो मालक आढेवेढे घेतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

आता मुद्द्याचं. बरेच जण हिरवा 'पास' मोजतात आणि खूश होतात. जुन्या गाडीत पासपेक्षा शेरे वाचायचे, तेही एका वर्षाचे सुटे नाहीत, सगळे ओळीने. कोणता शेरा दरवर्षी येतोय, आणि कोणता अचानक गायब झालाय?

मध्यंतरी एका मित्रासाठी अशीच एक एमजीबी बघितली. लागोपाठ दोन वर्षं शेरा होता की दोन्ही बाजूंचे सिल (दरवाजांखालच्या लांब पत्र्याच्या पट्ट्या) गंजलेत, पण मजबुती फारशी कमी झालेली नाही. दुसऱ्या वर्षी त्यात मागच्या स्प्रिंगच्या माउंटिंगजवळच्या गंजाची भर. तिसऱ्या वर्षी सिलचं नावच नाही, फक्त 'गाडीखाली अंडरसीलचा जाड थर' एवढंच. पुढे सूट मिळेपर्यंत सगळं स्वच्छ. मालकाची फाइल जाडजूड होती. कार्बोरेटरची पावती, सीटच्या चामड्याची पावती, क्रोमच्या कामाची पावती. वेल्डिंगची एकही नाही. सिल दुरुस्त झाले नव्हते, काळ्या डांबरासारख्या लेपाखाली गेले होते. आणि एमओटी करणाऱ्याला काही उघडायची मुभा नसते: कार्पेट उचलायचं नाही, सीट काढायची नाही, लेप खरवडून काढायचा नाही. जे दिसतं त्यावरच तो लिहितो. मित्राने तिथेच नाद सोडला.

एमजीबीत सिलला एवढं महत्त्व का, तर या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा आणि सिल हा त्याचा कणा. बाहेरचा पत्रा, आतला पडदा आणि खाली कॅसल रेल असे तीन थर असतात, आणि बाहेरचा सिल पुढच्या मडगार्डच्या आत शिरतो. म्हणजे काम नीट करायचं तर मडगार्ड काढावं लागतं किंवा त्याचा खालचा भाग कापावा लागतो. एवढा खटाटोप टाळायला गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा ठोकणारे पुष्कळ. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे आत गेलेला ओलावा गप्प बसत नाही. सीटमागच्या बॅटरीच्या पेट्याही बघा, त्याही आधी सडतात.

म्हणून नापास झालेली गाडी बघून लगेच दचकू नका. 'सिल गंजल्याने नापास', मग महिन्याभराने पास, आणि मधल्या तारखेचं वेल्डिंगचं बिल फाइलमध्ये, ही मला तरी चांगली बातमी वाटते. सकाळी गंजामुळे नापास आणि त्याच संध्याकाळी पास असं दिसलं, तर मात्र एका दुपारीत कसलं काम झालं ते विचारा.

मीटरबद्दल एक गैरसमज असतो. या गाड्यांच्या मीटरला मैलांचे पाचच आकडे. ९९,९९९ नंतर परत शून्य. तेव्हा एका वर्षी ९८ हजार आणि पुढच्या वर्षी हजारभर दिसले तर कोणी मीटर मागे फिरवलेलं नसतं. बघायचं ते वर्षाचं धावणं. वर्षानुवर्षं चाळीस-पन्नास मैलच चाललेली गाडी जाहिरातीत फार छान वाटते, पण उभ्या गाडीचे ब्रेक अडकतात, रबर तडकतं, टाकीत गंज धरतो. दरवर्षी हजार-दोन हजार मैल चालवलेली मी डोळे झाकून आधी बघेन.

मध्येच काही वर्षं नोंदच नसेल तर गाडी रस्त्याबाहेर ठेवली होती का, ते विचारा. सुरुवातीची बरीच वर्षं कोरी आणि मग अचानक पहिली एमओटी असेल, तर ती कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातून परत आणलेली असू शकते. एमजीबी अमेरिकेत फार खपली होती. अशा गाडीचा पत्रा बरा असतो, पण डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडे कोणी आणि कसं आणलं ते पाहावं लागतं.

२००५ च्या आधीचं काही ऑनलाइन मिळणार नाही. तिथे मालकाकडचे जुने कागदी दाखलेच कामाला येतात, त्यांवर मीटरचा आकडा असतो. तारखेप्रमाणे लावा आणि ऑनलाइन नोंदींशी जोडून बघा.

इंजिनही विचारा. चार सिलिंडरच्या जागी नंतर कोणी व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं असेल, तर ४० वर्षांची सूट लागू होते का हाच प्रश्न उभा राहतो. कंपनीने स्वतः १९७३ ते १९७६ मध्ये व्ही८ जीटी बनवली होती, ती गोष्ट वेगळी. गाडी कारखान्यातून कशी निघाली हे कळायला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. नंबरचं शेवटचं अक्षरही बघा: १९७३ मध्ये जुलैपर्यंत नोंदलेल्या गाडीला एल, ऑगस्टपासून एम.

आता तुमची खरी अडचण. १९७३च्या गाडीची नोंद बहुधा २०१७-१८ च्या आसपास थांबते, म्हणजे अलीकडची वर्षं कोरीच. आपल्याकडे खाजगी गाडीला १५ वर्षांनी आरटीओ आणि मग दर ५ वर्षांनी, त्यामुळे एवढा खंड आपल्याला खटकत नाही. इथे खटकायला हवा. सूट असली तरी स्वखुशीने एमओटी करून घेता येते, फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. ती तुम्ही भरा, पण गॅरेज तुम्ही निवडा, शक्यतो जुन्या गाड्यांची सवय असलेलं. एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अवस्था बघत नाहीत, त्यासाठी वेगळा माणूस न्या. गाडी लिफ्टवर असताना तुम्हीही खाली जाऊन बघा, आणि जॅकवर उचलल्यावर दरवाजा नीट उघडतो-लागतो का तेही करून बघा. मालक एवढ्यालाही तयार नसेल तर किंमत कमी करायच्या भानगडीत पडू नका, दुसरी गाडी शोधा. एमजीबी पाच लाखांवर बनल्या होत्या.