केळी सर्वाधिक पिकवतो भारत, पण निर्यातीत इक्वेडोर पुढे. मग तुलनात्मक लाभाचा सिद्धांत (जे बनवताना इतर गोष्टी सर्वांत कमी सोडाव्या लागतात, तेच देशाने बनवून विकावं) चुकतो का?

नाही. जास्त पिकवणं म्हणजे तुलनात्मक लाभ नव्हे. हा सिद्धांत मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये दिलेल्या उदाहरणात पोर्तुगाल कापड आणि वाइन दोन्ही इंग्लंडपेक्षा कमी श्रमात बनवतो, तरी त्याने वाइनच बनवावी असं निघतं. तुलना देशातल्या देशात, कशासाठी काय सोडावं लागतं याची असते. शिवाय आपली बहुतेक केळी आपणच खातो. इक्वेडोरची लोकसंख्या दोन कोटींच्या आत, तिथे बागाच परदेशासाठी लागतात.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलची केळी समजून घ्यायला मला व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर (1990) जास्त उपयोगी वाटतो. त्याच्या मते देशाचा स्पर्धात्मक लाभ घडवावा लागतो: उत्पादनाचे घटक (जमीन, पाणी, कौशल्य), मागणी, पूरक उद्योग आणि आपसातली चुरस यांतून. तापीकाठची काळी जमीन हा मिळालेला घटक. ठिबक आणि टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत तयार केलेली) रोपं मात्र घडवलेली, आणि हे पूरक उद्योग जळगावातच उभे राहिले. ही फार मोठी जमेची बाजू आहे.

अडतं ते मागणीपाशी. उत्तर भारतात जाणारा माल बागेतून थेट ट्रकमध्ये भरला तरी खपतो. आखाती ग्राहकाला डाग नसलेली, एकसारखी फणी लागते. त्यासाठी घडाला पिशवी, पॅकहाऊस, प्री-कूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) आणि साधारण 13 अंश सेल्सिअसचा रीफर म्हणजे शीत कंटेनर हवा. जळगाव केळीला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण सरकारी पैसा आधी शीतसाखळीत जायला हवा, असं माझं ठाम मत आहे.