ग्राफिक्समध्ये सूट द्या, फ्रेमरेटमध्ये नको

निन्टेन्डोचा गेम ३० एफपीएसवर (सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं) चालला तरी कौतुक, दुसऱ्याचा तसाच चालला की शिव्या, हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. ग्राफिक्स किती भारी असावेत हे स्टुडिओगणिक बदलणारच. पण पडद्यावर जे दाखवायचं ठरवलंय ते न अडखळता चालावं, ही अट सगळ्यांना सारखीच हवी.

६० एफपीएसला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. हा हिशोब कंपनीचं नाव बघून बदलत नाही. तेवढ्या वेळात काय बसवायचं, एवढंच स्टुडिओच्या हातात असतं. एरिक बॅरोनने एकट्याने केलेला 'स्टारड्यू व्हॅली' पिक्सेल-चित्रांचा आहे आणि साध्या लॅपटॉपवरही मजेत चालतो. त्याला चित्रांवरून कमी गुण देणं अन्यायाचं. उलट फिनलंडच्या छोट्या कोलोसल ऑर्डरचा 'सिटीज: स्कायलाइन्स २' घ्या. ठरवलेला परफॉर्मन्स गाठता आला नाही, हे त्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेम बाजारात येण्याआधीच कबूल केलं होतं. लांबून ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या माणसांसाठी हलकी मॉडेल्सच नव्हती, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड न दिसणारे तपशील काढत बसायचं. टीम लहान होती हे कारण समजतं, पण गिऱ्हाइकाने पैसे पूर्ण मोजले होते.

आणि निन्टेन्डोलाही सरसकट माफी नाही. त्यांच्याच स्विच या कन्सोलवरच्या 'पोकेमॉन स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'वर २०२२ मध्ये इतकी टीका झाली की अपडेटच्या टिपणात कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

फरक करायचाच तर गेमच्या प्रकारानुसार करा. फायटिंग गेममध्ये चाली फ्रेममध्ये मोजतात, तिथे दोनच माणसांच्या टीमकडूनही मी ६० च मागेन. पाळीपाळीने खेळायच्या गेमला स्थिर ३० पुरतात, मग स्टुडिओ कितीही मोठा असो.

पीसीवर स्वतः तपासायचं असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनर ही सॉफ्टवेअर टाकून फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळाचा, आलेख लावा. सरासरी एफपीएस फसवतं: एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद आणि पुढची ५० अशी आली तरी आकडा ३० च दिसतो, चित्र मात्र धक्के खातं. असं दिसलं तर रिवाट्यूनरमधून एफपीएसला मर्यादा घाला. सेकंदाला १२० वेळा रिफ्रेश होणाऱ्या (१२० हर्ट्झच्या) मॉनिटरवर ४० ची मर्यादा छान बसते, कारण प्रत्येक फ्रेम बरोबर ३ रिफ्रेश टिकते.

मग रिझोल्यूशन निम्मं करून बघा. एफपीएस वाढलं तर ताण ग्राफिक्स कार्डावर आहे, सेटिंग उतरवून भागेल. जागचं हललं नाही तर प्रोसेसर किंवा इंजिन अडकलंय, तिथे टेक्स्चर (भिंती-वस्तूंवर चढवलेली चित्रं) कमी करून काही होत नाही. स्फोट पहिल्यांदा दिसताना झटका बसतो आणि दुसऱ्यांदा नाही, तर शेडर (प्रकाश-रंग काढणारे कार्डावरचे छोटे प्रोग्राम) खेळतानाच तयार, म्हणजे कंपाइल, होतायत. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असल्याने शेडर आधीच तयार करून देता येतात. पीसीवर कार्ड आणि ड्रायव्हर प्रत्येकाचे वेगळे. वळताना भिंती आधी धूसर दिसून मग स्पष्ट होत असतील आणि सोबत झटके असतील, तर बहुधा व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) भरलीय. टेक्स्चर एक पायरी खाली आणा.

शेडरचे झटके पॅचने (दुरुस्तीच्या अपडेटने) बऱ्याचदा सुटतात. प्रोसेसरवरचा अडथळा लवकर सुटेल असं धरून चालू नका. तो दिसला तर गेम परत करा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात त्यासाठी खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचे २ तास मिळतात. सुरुवातीला गेम शेडर तयार करत बसतो तो वेळही या २ तासांतच मोजला जातो, म्हणून ही तपासणी पहिल्या तासातच उरकून घ्या.